इंग्रजी वाक्यांचे सांधे: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘द फॉर्म वॉज साइन्ड, आफ्टर द इन्स्पेक्शन, द मनी वॉज पेड.’

ठेकेदाराच्या बिलाच्या फाइलमध्ये हे इंग्रजी वाक्य आहे असं समजा. वर्षभराने ऑडिट आलं आणि प्रश्न निघाला: तपासणी कशाच्या आधी झाली? फॉर्मवर सही होण्याच्या आधी, की पैसे दिले जाण्याच्या आधी? वाक्य दहा वेळा वाचलं तरी उत्तर मिळत नाही. ‘आफ्टर द इन्स्पेक्शन’ हे तीन शब्द दोन स्वल्पविरामांच्या मधे अडकले आहेत आणि दोन्ही बाजूंना सारखेच चिकटतात. ‘साइन्ड’नंतर अर्धविराम दिला तर अर्थ होतो की सही झाली, आणि तपासणीनंतर पैसे दिले. अर्धविराम ‘इन्स्पेक्शन’नंतर दिला तर तपासणीनंतर सही झाली, आणि पैसे दिले गेले, पण कधी ते सांगितलेलं नाही. मग पैसे तपासणीच्या आधीच दिले असण्याची वाटही मोकळी राहते. शब्द तेच आणि त्यांचा क्रमही तोच, पण एका चिन्हाने जबाबदारी इकडून तिकडे जाते.

या लेखाचा विषय हाच आहे. स्वतःच्या पायावर उभं राहणारं वाक्य, म्हणजे इंग्रजी व्याकरणातला इंडिपेंडंट क्लॉज. त्यात कर्ता असतो, क्रियापद असतं आणि ते एकटं ठेवलं तरी पुरं वाटतं. अशी दोन वाक्यं शेजारी आली की त्यांच्या सांध्यावर काय द्यायचं? पूर्णविराम, अर्धविराम, अपूर्णविराम, की स्वल्पविराम आणि ‘अँड’, ‘बट’सारखा जोडशब्द? आपल्याकडे दहावी-बारावीपर्यंत मुलं सिंपलचं कंपाउंड आणि कंपाउंडचं कॉम्प्लेक्स करत असतात. त्या सांध्यावरच्या चिन्हाबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. मग ती जागा ऐकीव समजुती भरून काढतात. त्यातल्या काही शाळेतून आलेल्या आहेत, काही मराठीच्या सवयीतून, आणि काही इंग्रजांनी स्वतःच पसरवलेल्या.

गैरसमज: जिथे श्वास घ्यावासा वाटतो तिथे स्वल्पविराम

स्वल्पविरामाला एक मोजा, अर्धविरामाला दोन, पूर्णविरामाला त्याहून जास्त थांबा, असं अनेकांनी शाळेत ऐकलेलं असतं. ही समजूत निराधार नाही, तिला मोठा इतिहास आहे. ख्रिस्तपूर्व काळात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या बायझँटियमच्या ॲरिस्टोफेनीसने मजकुरात ठिपके द्यायला सुरुवात केली, ती मोठ्याने वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी. पुढे १७६२ साली रॉबर्ट लाउथ या नंतर बिशप झालेल्या धर्मगुरूने लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणातही प्रत्येक चिन्हाचा विराम आधीच्याच्या दुप्पट असं कोष्टक मांडलेलं आहे.

पण आजचं छापील इंग्रजी त्या हिशेबाने चालत नाही. ‘द स्टुडंट्स हू हॅड कम फ्रॉम सोलापूर बाय द नाइट ट्रेन वेअर टायर्ड.’ हे वाक्य मोठ्याने वाचताना ‘ट्रेन’पाशी कोणीही थांबेल. तरी तिथे स्वल्पविराम चालत नाही, कारण तो कर्त्याला त्याच्याच क्रियापदापासून तोडतो. उलट ‘ही नॉक्ड, नोबडी आन्सर्ड.’ एका श्वासात सहज बोलून होतं, पण तिथे चिन्ह हवंच. चार शब्दांत दोन कर्ते, दोन क्रियापदं आणि दोन पूर्ण वाक्यं आहेत. चिन्ह ठरतं ते वाक्याच्या बांधणीवरून. थांबणं हा त्याचा परिणाम आहे, कारण नव्हे.

गैरसमज: मराठीत चालतं, मग इंग्रजीतही चालेल

आपल्या इंग्रजीतल्या बहुतेक चुका इथूनच येतात, म्हणून इथे जरा थांबू.

‘पाऊस थांबला, आम्ही निघालो.’ या मराठी वाक्यात काहीही खटकत नाही. मधे साधा स्वल्पविराम आहे, दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्यं आहेत, आणि वाचणाऱ्याला क्षणभरही शंका येत नाही. याचं कारण मराठीच्या रचनेत आहे. आपलं क्रियापद साधारणपणे शेवटी येतं. ‘थांबला’ कानावर पडलं की वाक्य संपल्याची वर्दी मिळते आणि पुढचा शब्द नव्या वाक्याचा, हे आपोआप कळतं. विभक्तीही मदतीला असते: ड्रायव्हरला, कंडक्टरने, बिलाचे. कोण कर्ता आणि कोण कर्म, हे शब्दाच्या अंगावरच लिहिलेलं असतं. म्हणूनच मोडीतल्या जुन्या कागदांत विरामचिन्हं नसताना आणि शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसताना कारभार चालत होता. आजची विरामचिन्हं मराठीत आली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीच्या धर्तीवर. मेजर थॉमस कँडी यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं. चिन्हं आपण घेतली, पण वाक्याची घडण मराठीच राहिली. त्यामुळे स्वल्पविराम सैल हाताने वापरला तरी आपलं बिघडत नाही.

इंग्रजीत क्रियापद मधे येतं आणि त्याच्यामागून नाम येतं. ते नाम कर्म आहे की पुढच्या वाक्याचा कर्ता, हे त्याच्या रूपावरून कळत नाही. आता हे वाक्य शब्दाशब्दाने वाचा:

‘वी पेड द ड्रायव्हर, द कंडक्टर हॅड गॉन फॉर टी.’

‘वी पेड द ड्रायव्हर’ इथपर्यंत ठीक. मग स्वल्पविराम, मग ‘द कंडक्टर’. इंग्रजी वाचणाऱ्याच्या मनात आता यादी सुरू झाली: ड्रायव्हरला पैसे दिले, कंडक्टरला दिले, आता ‘अँड’ येईल आणि तिसरं कोणी. तेवढ्यात ‘हॅड गॉन’ येतं आणि यादी मोडते. वाचणाऱ्याला मागे जाऊन वाक्य नव्याने लावावं लागतं. अर्थ शेवटी कळतो हे खरं, पण असं एका पानात आठ वेळा झालं तर तो पान बाजूला ठेवतो, आणि नेमकं कशाने दमलो हे त्यालाही सांगता येत नाही. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडण्याला इंग्रजीत कॉमा स्प्लाइस म्हणतात आणि परीक्षकापासून संपादकापर्यंत सगळे त्यावर खूण करतात. ती खूण करण्यामागचं कारण हे आहे.

उपाय एक नाही, बरेच आहेत, आणि प्रत्येकाने अर्थ थोडा बदलतो. पूर्णविराम दिलात तर दोन स्वतंत्र गोष्टी सांगितल्या. अर्धविराम दिलात तर त्यांचा संबंध आहे एवढं सुचवलं आणि तो कोणता हे वाचणाऱ्यावर सोडलं. ‘बिकॉज द कंडक्टर हॅड गॉन फॉर टी’ असं केलंत तर कारण स्पष्ट सांगितलं, आणि दुसरं वाक्य आता स्वतंत्र राहिलं नाही, पहिल्याच्या आधाराला गेलं. यातलं काय हवं हे लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं. नुसता स्वल्पविराम म्हणजे ते न ठरवताच पुढे जाणं.

ऑफिसच्या मेलमध्ये हे रोज दिसतं. ‘आय ॲम ऑन लीव्ह टुडे, प्लीज कॉल माय कलीग.’ ‘द फाइल इज अटॅच्ड, काइंडली चेक.’ आज्ञार्थी वाक्यात कर्ता दिसत नाही म्हणून ते अपुरं वाटतं, पण ‘काइंडली चेक’ हे पूर्ण वाक्य आहे, ‘यू’ त्यात गृहीत आहे. इथे पूर्णविराम देऊन नवं वाक्य सुरू करायला काहीच खर्च येत नाही.

गैरसमज: ‘हाउएव्हर’ म्हणजे भारदस्त ‘बट’

अर्थाने जवळपास तसंच, व्याकरणाने अजिबात नाही. स्वल्पविरामाच्या सोबतीने दोन पूर्ण वाक्यं जोडण्याचा अधिकार इंग्रजीत मोजक्या शब्दांना आहे: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. त्यांच्या आद्याक्षरांवरून इंग्रजी शाळांत ‘फॅनबॉइज’ असा शब्द पाठ करून घेतात. या सातांत हाउएव्हर नाही, देअरफोर नाही, मोअरओव्हर नाही. ‘देन’ नाही आणि ‘अदरवाइज’ही नाही, आणि आपल्याकडे घोटाळा होतो तो मुख्यतः या शेवटच्या दोघांत.

‘सबमिट द फॉर्म टुडे, अदरवाइज यू विल पे अ फाइन.’ सोसायटीच्या फळ्यावर, कॉलेजच्या नोटिशीत हे असंच दिसतं. ‘आय फिनिश्ड द वर्क, देन आय वेंट होम.’ हेही तसंच. दोन्हीकडे स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम हवा, नाहीतर पूर्णविराम. ‘अँड देन’ केलं तर स्वल्पविरामावर भागतं.

ओळखायची खूण सोपी आहे. शब्द हलवून बघा. ‘द रिझल्ट वॉज लेट, बट इट वॉज गुड’ यातला ‘बट’ जागचा हलत नाही. ‘इट बट वॉज गुड’ असं कोणी म्हणणार नाही. ‘हाउएव्हर’ मात्र वाक्यात कुठेही जाऊन बसतो: ‘हाउएव्हर, इट वॉज गुड’, ‘इट वॉज, हाउएव्हर, गुड’, ‘इट वॉज गुड, हाउएव्हर’. जो शब्द वाक्याच्या आत असा फिरतो तो वाक्याचा घटक असतो, सांधा नव्हे. आणि तो फिरतो म्हणूनच त्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिले की तो आधीच्या वाक्याचा शेवट की पुढच्याची सुरुवात, हे कळेनासं होतं. सुरुवातीच्या ‘आफ्टर द इन्स्पेक्शन’चं दुखणं हेच होतं.

गैरसमज: अर्धविराम म्हणजे लांबलेला स्वल्पविराम

अर्धविरामाचं आजचं रूप, वर ठिपका आणि खाली स्वल्पविराम, १४९०च्या दशकात व्हेनिसमध्ये आल्डुस मानुटिअस या प्रकाशकाच्या छापखान्यात घडलं. पिएत्रो बेंबोने एटना पर्वताच्या चढाईवर लिहिलेलं छोटं पुस्तक, आणि त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरलेले खिळे. पुढची काही शतकं लेखक ते आपापल्या मर्जीने वापरत राहिले. आजच्या इंग्रजीत मात्र त्याची मुख्य अट स्पष्ट आहे: डावीकडे पूर्ण वाक्य, उजवीकडेही पूर्ण वाक्य. एका बाजूला हात ठेवून दुसरी बाजू वाचा, मग उलट करा. दोन्ही बाजू एकट्या उभ्या राहिल्या तर अर्धविराम योग्य. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग; वी वेंट आउट’ यात डावी बाजू एकटी उभी राहत नाही, म्हणून तिथे स्वल्पविरामच हवा.

याला एक अपवाद आहे. यादीतल्या घटकांच्या पोटातच स्वल्पविराम असतील तर घटक वेगळे करायला अर्धविराम वापरतात. ‘सातारा, महाराष्ट्र, मडगाव, गोवा, बेळगाव, कर्नाटक’ अशी गावं इंग्रजीत लिहिताना हेच करावं लागतं.

अपूर्णविरामाबद्दल एवढंच, की दोन पूर्ण वाक्यांच्या मधे तोही चालतो, पण दुसरं वाक्य पहिल्याचा खुलासा करत असेल तेव्हा. अर्धविरामानंतर, इंग्रजीत एरवीच कॅपिटलने लिहिला जाणारा शब्द नसेल तर, अक्षर लहान ठेवायचं. आणि यांतल्या कोणत्याही विरामचिन्हाच्या आधी जागा सोडायची नाही. आपल्याकडच्या टायपिंगमध्ये ती सर्रास सुटलेली दिसते.

गैरसमज: वाक्य लांबलं की ते रन-ऑन

रन-ऑनचा लांबीशी काही संबंध नाही. ‘इट इज लेट वी मस्ट गो.’ सहा शब्द, आणि हे रन-ऑन आहे, कारण दोन पूर्ण वाक्यं मधे काहीच न देता एकमेकांना चिकटवली आहेत. उलट मार्टिन लूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात तीनशेहून अधिक शब्दांचं एक वाक्य आहे. ‘थांबा, धीर धरा’ असं सांगणाऱ्यांना ते उत्तर देतात, ‘व्हेन’ने सुरू होणारी एकेक वेदना मांडत जातात आणि वर सांगितलेल्या यादीच्या अपवादाप्रमाणे त्या अर्धविरामांनी वेगळ्या करतात. मुख्य वाक्य येतं ते अगदी शेवटी. त्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. वाचणाऱ्याला इतका वेळ ताटकळत ठेवणं हाच त्यांचा मुद्दा होता, आणि तो त्यांनी वाक्याच्या बांधणीतून साधला. शिक्षकांनी मुलांच्या वहीत लांब वाक्याखाली रेघ ओढण्याआधी सांधे तपासावेत.

गैरसमज: ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम कधीच देऊ नये

याचा उलटा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे, की तो नेहमी द्यावा. बघायचं एवढंच, की ‘अँड’नंतर नवा कर्ता आहे का. ‘शी ओपन्ड द लेटर अँड रेड इट.’ कर्ती एकच, स्वल्पविराम नको. ‘शी ओपन्ड द लेटर, अँड हर मदर रेड इट.’ कर्ते दोन, म्हणून स्वल्पविराम. वाक्यं अगदी छोटी असतील तर तो गाळलेला चालतो. ब्रिटिश लेखक तर बऱ्याचदा गाळतात. पण ‘शी थँक्ड द डॉक्टर अँड द नर्स ब्रॉट द बिल’ यात तो गाळला तर आभार डॉक्टर आणि नर्स दोघांचे मानल्यासारखं वाचलं जातं. तिथे तो द्यायलाच हवा.

वाक्याची सुरुवात अँड किंवा बटने करू नये, हाही नियम म्हणून शिकवला जातो. असा नियम इंग्रजीत नाही. बायबलच्या १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात पहिल्याच अध्यायात अँडने सुरू होणारी वाक्यं ओळीने आहेत.

गैरसमज: हे सगळं शाळेपुरतं, व्यवहारात कोण बघतं?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याची निवडणूक एकदा एका अर्धविरामावर अडली होती.

१८६९ च्या तिथल्या राज्यघटनेत निवडणुकांबद्दल एक कलम होतं. त्यात दोन पूर्ण वाक्यं होती. पहिल्याचा आशय असा की निवडणुका जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी घ्याव्यात, कायद्याने वेगळी तरतूद होईपर्यंत. मग अर्धविराम, मग ‘अँड’, आणि दुसरं वाक्य: मतदान चार दिवस चालू राहावं, सकाळी आठ ते दुपारी चार. पुढे विधिमंडळाने कायदा करून मतदान एका दिवसावर आणलं. २ डिसेंबर १८७३ रोजी निवडणूक झाली. गव्हर्नर एडमंड डेव्हिस हरले, आणि रिचर्ड कोक जवळपास दुप्पट मतं घेऊन जिंकले.

त्या निवडणुकीत दोनदा मतदान केल्याच्या आरोपावरून ह्यूस्टनकडच्या रॉड्रिगेझ नावाच्या माणसाला अटक झाली होती. त्याच्या सुटकेचा अर्ज राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि त्याच्या वकिलांनी मूळ प्रश्नालाच हात घातला. निवडणूकच घटनाबाह्य असेल तर गुन्हा कसला? ‘कायद्याने वेगळी तरतूद होईपर्यंत’ ही सवलत कोणाची, फक्त ठिकाणाची की दिवसांचीही? जानेवारी १८७४ मध्ये तिन्ही न्यायाधीशांनी निकाल दिला: सवलत अर्धविरामाच्या अलीकडे आहे, म्हणून ती पहिल्याच वाक्याला लागू होते. पलीकडचं वाक्य स्वतंत्र आहे. ठिकाण विधिमंडळ बदलू शकतं, चार दिवस नाही. सबब निवडणूक अवैध.

तिन्ही न्यायाधीश डेव्हिस यांनीच नेमलेले होते, त्यामुळे निकालाचा हेतू काय असावा यावर लोकांनी आपापलं मत बनवलं. कोक यांच्या पक्षाने निकाल मानला नाही. १५ जानेवारीला कोक यांनी शपथ घेतली. डेव्हिस विधानभवनाचा तळमजला धरून बसले, पण राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी फौज पाठवायला नकार दिला आणि चार दिवसांत त्यांना पायउतार व्हावं लागलं. त्या न्यायालयाला ‘सेमिकोलन कोर्ट’ हे नाव पडलं ते कायमचं, आणि टेक्सासच्या पुढच्या वकील-न्यायाधीशांनी त्याचे निकाल दाखला म्हणून वापरणं टाळलं.

न्यायाधीशांचा हेतू बाजूला ठेवला तरी व्याकरणाचा प्रश्न खरा होता. अर्धविराम तिथे नसता तर ‘कायद्याने वेगळी तरतूद होईपर्यंत’ हे शब्द दोन्हीकडे ओढता आले असते. अर्धविरामाने त्यांचा मालक ठरवला. घटना लिहिणाऱ्यांना सवलत दोन्हीला द्यायची असेल, तर ती वाक्याच्या सुरुवातीला ठेवायला हवी होती. ऑडिटच्या फाइलमधल्या वाक्याचा घोळ आणि राज्यघटनेचा घोळ एकाच जातीचा आहे.

आपल्या न्यायालयांचं धोरण तुलनेने सावध आहे. अश्विनी कुमार घोष खटल्यात १९५२ साली सर्वोच्च न्यायालयात न्या. मुखर्जी यांनी कायद्याच्या अन्वयार्थात विरामचिन्ह हा दुय्यम घटक असल्याचं म्हटलं. तरी दुय्यम म्हणजे शून्य नव्हे. मोहम्मद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७०च्या दशकाच्या अखेरच्या खटल्यात औषधांच्या कायद्यातलं एक कलम तपासताना ‘स्टॉक्स’ या शब्दानंतर स्वल्पविराम नाही, ही गोष्ट न्यायालयाने लक्षात घेतली. त्यावरून नुसता साठा बाळगणं त्या कलमाखाली पुरेसं नाही, तो विक्रीसाठी असल्याचं दिसायला हवं, असा अर्थ लावला. तिथला प्रश्न दोन स्वतंत्र वाक्यांचा नव्हता, एका वाक्यातल्या क्रियापदांचा होता. पण ‘विक्रीसाठी’ हे शब्द कोणाचे, हा वाद मात्र तोच.

गैरसमज: कॉमा स्प्लाइस ही प्रत्येक वेळी चूकच

नियम कळल्यावर हा गैरसमज होतो, आणि तो मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो चांगल्या लेखनावर लाल शाई फिरवतो. डिकन्सची १८५९ सालची ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ उघडली की पहिल्याच परिच्छेदात पूर्ण वाक्यांमागून पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामांवर पुढे जातात. तिथे अर्धविराम दिले असते तर तो ओघ तुटला असता.

कडक मानल्या जाणाऱ्या पुस्तकांतही ही सूट आहे. कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ साली विद्यार्थ्यांसाठी ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ ही लहानशी पुस्तिका काढली. त्यांचे विद्यार्थी ई. बी. व्हाइट यांनी १९५९ साली ती वाढवून पुन्हा आणली आणि ती जगभर गेली. स्वतंत्र वाक्यं स्वल्पविरामाने जोडू नका, हा त्यातला ठळक नियम. पण त्याच्याच खाली स्ट्रंक सांगतात की वाक्यं अगदी छोटी आणि एकाच साच्यातली असतील तर स्वल्पविराम चालतो. ‘द लाइट्स वेंट आउट, द फॅन स्टॉप्ड, द बेबी वोक अप.’ तीन छोटी वाक्यं, साचा एकच, आणि पुढचा शब्द कुणाचा याबद्दल संशय येत नाही. इथे स्वल्पविरामच शोभतो.

कसोटी तीच आहे: वाचणारा अडखळतो का? अर्थ दुसरीकडे ओढला जातो का? डिकन्सच्या परिच्छेदात जात नाही, ड्रायव्हर-कंडक्टरच्या वाक्यात जातो. नोकरीचा अर्ज, करारनामा आणि परीक्षेची उत्तरपत्रिका यांत मात्र ही सूट घेऊ नये, कारण तिथे वाचणारा ताल ऐकायला बसलेला नसतो.

संगणक चूक दाखवतोच, मग शिकायचं कशाला, असंही हल्ली विचारलं जातं. लेखन तपासणारी सॉफ्टवेअर बरेचसे कॉमा स्प्लाइस पकडतात आणि त्यांचा उपयोग जरूर करावा. पण तपासणी सहीच्या आधी झाली की पैशांच्या आधी, हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं. अर्धविराम दोन्ही जागी व्याकरणाने बरोबर आहे. कुठे द्यायचा हे त्यालाच ठरवता येईल ज्याला घडलेली गोष्ट माहीत आहे.

आपल्या इंग्रजी शिक्षकांना एक विनंती आहे. मुलांना तुम्ही वाक्यरूपांतर शिकवताच. त्याच तासाला, त्याच फळ्यावर, जोडलेल्या दोन वाक्यांच्या सांध्यावर बोट ठेवून विचारा: इथे कोणतं चिन्ह येईल, आणि ते बदललं तर मधले शब्द कोणाकडे जातील? वेगळा धडा लागत नाही, पुस्तक लागत नाही. हीच मुलं उद्या करारनामे लिहिणार आहेत, औषधांच्या सूचना लिहिणार आहेत आणि सरकारी फायलींवर शेरे मारणार आहेत.